अकरा घागरी अन् अर्धा कान

लिव बाई स्वरदा. नाव तूच टाक, मी तुह्या आबाचं नाव तोंडानं घेत नाही. बावन्न वर्षं झाले लग्नाले, आता काय घेऊ. बाकीचं मी सांगते. अन् मंधात मंधात "दादी, धीरे बोलो" म्हणू नको. हळू बोलाची सवय माही दोन वर्षांपासून सुटली, अन् ती काहून सुटली हे मले बी आत्ता आत्ता कळलं. तेच तं सांगाचं हाय.

तं हा माणूस असा हाय, की घराले आग लागली तं म्हणन, चला, उजेड तं पडला. मी थट्टा नाही करून राहिली. मागच्या उन्हाळ्यात कुलर जळाला. धूर निघाला, तुही माय अपर्णा बटन बंद कराले धावली, मी ओरडून राहिली, अन् हे खाटेवर बसून म्हणतेत, "बरं झालं. लय आवाज करे तो." पंडरीच्या बाजारात साड्या घ्याले गेलो, पिशवी रिक्षातच राहिली. मी रस्त्यावर कपाळाले हात लावून उभी. हे काय म्हणाले असन? "रिक्षावाल्याच्या बायकोले निळा रंग शोभन." साडी निळी होती हे आठवते, पण पिशवी उचलाची नाही आठवत! अशा माणसासोबत संसार केला म्या. डोक्शाले ताप, दुसरं काय.

अन् मी म्हणते ते खरं निघते, हे कोणी लिवत नाही. म्या म्हटलं होतं कुलरचा वायर गरम होऊन राहिला. म्या म्हटलं होतं पिशवी मांडीवर धरा. पण तुहा बाप सचिन मलेच म्हणते, "आई, तू नेगेटिव हायस. बाबा पॉजिटिव हायेत." म्या म्हटलं, कारे, मी रेडिओचा सेल होय? अन् सेल जरी असली तरी दोन्ही टोकं लागतेत बापा, एका टोकावर कुठं रेडिओ वाजते? हसला अन् ऑफिसले गेला. या घरात बोलाचं मी अन् हसाचं बाकीच्याइनं.

आता हे नीट लिव, हे तुम्हा पोट्ट्याइले मालूम नाही. हा माणूस घरात असा, अन् कामावर एकदम उलटा. रेल्वेत होते हे तुले ठाऊक हाय. पण काम काय होतं? गाडी येऊन थांबली, की लांब दांड्याचा हातोडा घेऊन एकेक चाक ठोकत जाचं. चांगलं चाक टन्न वाजते, देवळातल्या घंटीसारखं. चाकात चीर असली तं थद्द, ओल्या भिंतीवर हात मारल्यासारखं. डोळे मिटून ऐकाचं अन् पुढं जाचं. एकदा मी डबा घेऊन गेली होती, तवा डोळ्यानं पाह्यलं. एका डब्यापाशी थांबले. ठोकलं. पुन्हा ठोकलं. पुन्हा. गार्ड घड्याळ दाखवून राहिला, लोकं खिडकीतून शिव्या देऊन राहिले. हे हालले नाहीत. म्हणे, "या चाकावर माहा विश्वास नाही." अन् तो डबा काढालेच लावला.

मी तथी डबा धरून उभी अन् मनात म्हणून राहिली, अरे देवा, हाच का तो माणूस, जो सकाळी तडकलेल्या कपात चहा पिऊन म्हणे की तडकलेला बरा, कोणी उचलून नेत नाही? सगळी शंका तथी खर्च करून टाके, अन् घरी खाली हातानं हसत हसत ये. मग घराची शंका कोण करन? म्या केली. कोणाले तं कराच लागते ना व माय.

अठरा वर्षांआधी रिटायर झाले, हातोडा गेला, पण कान राहिला. अन् त्या कानाचं नाव साऱ्या चौबे कॉलोनीत. या हिंदी मुलुखात आलेले आपले मराठी लोकं, कोणी वर्धेचे, कोणी पुलगावचे, कोणी अमरावतीचे, अखाजीले, म्हणजे अक्षय तृतीयेले, घरोघरी पितरांची घागर भरतेत. कोरी घागर गव्हाच्या राशीवर ठेवाची, काठोकाठ पाणी भराचं, झाकणावर आंबा ठेवाचा, पुरणपोळीचा घास टाकाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढून पाहाचं, पितर किती पाणी पिले. कोरी घागर थोडं पाणी पितेच, माती हाय ती. पण दोन-चार बोटं उतरलं की आपण म्हणाचं, आले होते, पिऊन गेले. मात्र घागर चिरलेली निघाली तं पाणी वाहून जाते, अन् पितर तसेच तहानलेले. म्हणून घागर ठोकून घ्याची असते. अन् ठोकाले कोण? तुहे आबा.

अखाजीच्या दोन दिवस आधी शंकर नगरच्या वळणावर पिंकी कुम्हारीण मडके मांडून बसते. दरवर्षी तथी हे पुढं, कॉलोनीतल्या दहा बाया मागं, अन् सगळ्याइच्या मागं मी, पिशव्या धरून. डोळे मिटून बोटाच्या हाडानं टक. "ही घ्या सुशीलाताई." टक. "ही नको." टक. "ही बी नको." बाया म्हणतेत, "नरहरीभाऊंनी पास केली म्हणजे पाहायचं कामच नाही." त्या एका सकाळी हा माणूस चार बोटं उंच होते. खरं सांगू? तेवढाच मान राहिला त्याइचा. पेन्शनीतल्या माणसाले वर्षभर कोण इचारते?

यंदा बी गेलो. ऊन असं की चप्पल डांबराले चिकटे. पिंकी म्हणाली, "आ गे बबा? ए साल मैं एको ठन ला नइ बजाय हंव, तोर बर छोड़े हंव." म्हणजे यंदा तिनं एकही वाजवून नाही पाह्यली, सगळं याइच्यावर सोडलं. हे असे फुलले! टक, टक, टक. दहा बायाइच्या दहा अन् आपली एक, अकरा घागरी झाल्या. अन् एकही "नको" म्हटली नाही. मले तथीच खटकाले पाहिजे होतं. दुसरं म्हणजे यंदा डोळे नाही मिटले. टक करे अन् पिंकीच्या तोंडाकडं पाहे. म्या म्हटलं, ऊन हाय, डोळे मिटले की गरगरत असन. पाह्य बाई, जिंदगीभर मी शंका केली, अन् जवा कराची होती तवा पिशव्या मोजत बसली.

अखाजी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून त्याइनं झाकण काढलं अन् ओरडले, "या या, पाहा! अर्धी भरली हाय!"

म्या पाह्यलं. अर्धी रिकामी. खालचे गहू फुगून टम्म, पाट ओला, अन् पाण्याचा ओघळ पार दारापर्यंत.

"अवो, घागर फुटकी हाय," म्या म्हटलं.

"फुटकी असती तं सगळंच नसतं गेलं? अर्धं हाय ना अजून! यंदा बाबा एकटे नाही आले, आईले बी घेऊन आले. दोघं पिले."

"अन् गहू कोणी भिजवले? बाबांनी का आईनं?"

"पिता पिता सांडते थोडं. म्हातारे माणसं हायेत."

सचिन ब्रश तोंडात धरून आला. "आई, बाबांचं बराबर हाय. पाहणाऱ्याच्या नजरेचा फरक असते."

"नजरेचा नाही रे बापा, पायाचा फरक हाय. माहा पाय ओला झाला, तुहा कोरडा हाय!"

अपर्णा पोछा घेऊन उभी. "आई, भरली म्हणा नाही तं रिकामी म्हणा, पण आधी बाजूला व्हा. कोणी घसरलं तं मग काय म्हणान?" एवढं एकच शहाण्यासारखं बोलणं झालं त्या सकाळी. अन् तू? तू काय म्हणाली ते बी लिव. "दादी, पानी तो पूरा घर में ही है. आधा घागर में, आधा गेहूं में." हव, तू बी तिकडंच! दहावीपर्यंत शिकून हेच शिकली.

इतक्यात फोन वाजला. सुशीलाताईचा. बाजूच्या गल्लीत राहतेत, शाळेत मास्तरीण होत्या, म्हणून बोलणं एकदम शुद्ध. पण आवाज रडका.

"विजयाताई, आमची घागर अर्धी झाली हो. असं कधीच झालं नाही. माझं काही चुकलं का?"

सुशीलाताईचे मालक जाऊन तीन वर्षं झाले. जाच्या आदल्या दिवशी दोघाइचं भांडण झालं होतं, कायचं तरी, भाजीत मीठ कमी म्हणून. तीन वर्षांपासून त्याइची घागर जेमतेम बोटभर उतरे. अन् ही बाई मनात घेऊन बसली, की ते माह्यावर रुसून गेले, माह्या हातचं पाणी घेत नाहीत.

मी तोंड उघडलं सांगाले, की ताई, घागर फुटकी असन. अन् समोर हे उभे, फुगलेले गहू ताटात भरून, हसत. मले कळलं. आमची फुटकी, ताईची फुटकी. म्हणजे ठोकणाऱ्याचा कान फुटका. हे एकदा कॉलोनीत गेलं की पुढच्या अखाजीले याइले कोणी नेणार नाही. अन् माह्या तोंडातून काय निघालं? "अवं ताई, चुकलं कायचं? अर्धी पिले म्हणजे लय दिवसाचे तहानलेले असन. राग गेला त्याइचा. खुश होऊन गेले."

मी! मी हे बोलली! सुशीलाताई फोनवर रडली, मग हसली, मग म्हणाली तुमच्या तोंडात साखर पडो. माह्या तोंडात तं कडू झालं होतं.

दुपारपर्यंत आणखी तीन फोन आले. तिघीइले तेच सांगितलं. शेवटच्या फोनले तं मी असं गोड बोलली की तुहे आबा बी एवढं बोलले नसते. फोन ठेवला अन् मले माहाच असा संताप आला की काय सांगू.

मग म्या पारखाचं ठरवलं. हे पाठमोरे बसून गहू पसरून राहिले होते. म्या पितळेच्या परातीवर उलथणं हाणलं. टन्न! अपर्णा आतून धावत आली, काय पडलं म्हणून. याइची मान बी नाही हालली. मग घागर रिकामी करून ठोकली. थद्द. माह्यासारख्या अडाणी बाईले कळलं की फुटकी हाय. हे ढिम्म.

समोर जाऊन बसली. "अवो, तुम्हाले ऐकू येते का?"

"येते ना."

"किती येते?"

"अर्धं."

"अर्धं गेलं म्हणा."

"अर्धं येते," म्हणाले.

"कवापासून?"

"दोन वर्षं होत असन."

"अन् सांगितलं काहून नाही?"

"चालून राहिलं होतं ना. पिंकीचं तोंड पाहिलं की कळे. घागर खराब असली की ती नजर चोरते. यंदा नाही चोरली."

कशी चोरन? तिनं एकही वाजवून पाह्यलीच नव्हती. तिनं त्याइच्या कानावर सोडलं, त्याइनं तिच्या तोंडावर. दोघाइच्या विश्वासात घागरी बुडाल्या.

"अन् माहं बोलणं?" म्या इचारलं. "ते किती येते?"

"तुहं बी अर्धंच. पण जे येते ते चांगलं असते. बाकीचं बी तसंच असन, असं समजून घेतो."

आता सांग! दोन वर्षं मी घसा कोरडा करून या माणसाले बोलली. दिवा बंद करत नाही म्हणून, नळ टपकते म्हणून, अन् हे त्याच्यात आपल्या मनचं गोड पाणी भरून पीत बसले! मले वाटे, एवढं बोलून बी हसते, म्हणजे माणूस बेशरम झाला. मले रडू आलं का राग आला? रागच आला. रागच लिव.

रागारागात सगळं सांगून टाकलं. आपली धरून पाच घागरी फुटक्या निघाल्या, अन् चार बायाइले म्या काय काय सांगितलं. तवा मात्र त्याइचं हसणं उतरलं.

"तू खोटं काहून बोलली?"

"तुमच्यापायी! अन् खोटं कायचं, तुमचंच बोलणं बोलली. अर्धी भरली, पितर खुश!"

"घरच्या घागरीले मी काही बी म्हणन. ती माही हाय. पण त्या घागरी म्या पास करून दिल्या. पास केलेल्या चाकात चीर निघाली, तं गाडीत बसणाऱ्याले सांगाच लागते."

म्या म्हटलं, "अवो, घागर हाय ती, गाडी नाही. कोणी मरत नाही."

"तू आज पहिल्यांदा माह्यासारखी बोलली," म्हणाले, अन् टोपी घालून निघाले. भर उन्हात. मी मागं. चपलेचा एक अंगठा तुटलेला, तरी मागं.

तिघीइच्या घरी गेले. दारातच उभं राहून सांगितलं, "बाई, माहा कान गेला. म्या दिलेली घागर फुटकी हाय. बदलून आणून देतो." बाया कावऱ्याबावऱ्या. "राहू द्या हो भाऊ, त्यात काय." पण मी तोंडं पाहून राहिली होती ना. एकजण भिंतीकडं पाहे, दुसरी पदर तोंडाले लावे. माहा जीव तीळ तीळ तुटून राहिला. अठरा वर्षांचा मान एका दुपारी आपल्याच हातानं वाटत चालला हा माणूस, अन् पाठ एकदम सरळ.

मग सुशीलाताईकडं. तथी वेगळंच झालं.

"ताई, घागर फुटकी हाय. मले ऐकू नाही आलं."

"नाही भाऊ," सुशीलाताई म्हणाल्या. "आमचे हे पिऊन गेले."

हे वाकले. "अवं ताई, हे पाहा, खाली ओलं हाय. गहू भिजले."

"पिताना सांडायचंच त्यांचं. जिवंतपणीसुद्धा सदऱ्यावर चहा असायचा."

"ताई, ही चीर पाहा. बोट फिरवा इथून."

"चीर असेल हो. पण ही नेमकी माझ्याच घरी कशी आली? अकरांतून?"

"माह्या कानानं आली!"

"कान तुमचा, पण पाठवली त्यांनी."

हे माह्याकडं पाहाले लागले. जिंदगीत पहिल्यांदा या माणसाले कोणी चांगलं बोलण्यात हरवलं. "स्वरदाची आजी, तू तं सांग ताईले, फुटकी हाय म्हणून!"

"मी काय सांगू? मी नेगेटिव," म्या म्हटलं. एवढं तं म्हणूच शकते ना मी, बावन्न वर्षांनंतर!

सुशीलाताईनं घागरीवर हात ठेवला. "भाऊ, तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. फुटकी आहे, कळलं मला. पण आज सकाळी मी तीन वर्षांनी भाजीत मीठ न चाखता घातलं आणि पोटभर जेवले. ही नका नेऊ."

त्याइनं टोपी काढून पुन्हा घातली. "ठेवा मग. पण पाणी नका भरू हिच्यात."

"नाही भरत. धणे ठेवीन."

दुसऱ्या दिवशी पिंकीकडं गेलो. तिनं कपाळ ठोकलं. माल आणताना टेम्पो खड्ड्यात आदळला होता, पण बबा ठोकून घेतीनच म्हणून तिनं मनावर नाही घेतलं. हे मले म्हणाले, "तू ठोक."

"मी? मले काय कळते?"

"काल परात वाजवली ना माह्या पाठीमागं? जमिनीतून पायाले लागलं मले. ठोक. गळ्याखाली चार बोटं सोडून, पोटावर. डोळे मीट."

म्या डोळे मिटले. भर रस्त्यात, गाड्याइचे हॉर्न, अन् मी म्हातारी डोळे मिटून मडकं ठोकून राहिली. हे दुसऱ्या बाजूनं तळहात लावून बसले, म्हणे थरथर हातात येते. टक. "नको," म्या म्हटलं. टक. "नको." टक. "ही बी नको." तिघीइच्या तीन अन् आपली एक, अशा चार घागरी निवडाले तेरा नापास केल्या. त्यातल्या आठ खरंच चिरलेल्या होत्या, बाकीच्याइचं मले नुसतं पटत नव्हतं. पिंकी म्हणाली, "दाई, तोला त एको नइ भावय!" म्हणजे तुले तं एकही पसंत पडत नाही. हे असे हसले की ठसका लागला. "बराबर माणूस भेटला या कामाले. एवढी शंका तं मले बी कवा नव्हती."

काल त्या पदर लावणाऱ्या बाईचा फोन आला. म्हणे, पुढच्या वर्षी तुम्ही दोघं या हो, भाऊ हात लावतील, तुम्ही कान लावा. म्या म्हटलं पाहू, पुढच्या वर्षापर्यंत कोण राहते. फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "कोणाचा होता? चांगलंच असन."

शुक्रवारी सचिन त्याइले कानाची मशीन बसवाले नेऊन राहिला. यात बी त्याइले आनंदच हाय. म्हणे, "अर्धं एवढं चांगलं हाय, तं पूरं किती असन!" मीच घाबरली हाय. दोन वर्षांचं बाकीचं अर्धं मले आठवते ना.

अन् आपली फुटकी घागर त्याइनं फेकू नाही देल्ली. तिच्यात माती भरून ते भिजलेले गहू पेरले. म्हणे, चीर हाय तं पाणी तुंबत नाही, कुंडी अशीच पाहिजे. म्या म्हटलं होतं, एक दाणा उगवणार नाही या उन्हात. उगवले. बोट बोट वर आले हायेत, आज सकाळी मलेच हात धरून दाखवाले नेलं.

पण पिवळे पडतीन ते, लिवून ठेव. अन् चल, गॅलरीत बसले हायेत, त्याइले आत्ताच सांगून येते. शुक्रवारच्या आधी सांगितलं तं अर्धंच ऐकू जाईन.